वागणं बदललं की आधी शरीर तपासा : बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलामाणसांची रोजची डॉक्टरी (नागपूर)

अंबाझरी (फॅमिली डॉक्टर)

मूल अठराचं झालं की बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मोठ्यांचे डॉक्टर म्हणतात, ही केस आमची नाही, मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखवा. तिथून मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं जातं आणि चिडचिडीची गोळी सुरू होते. एवढ्या सगळ्यात रक्तदाब, थायरॉइड, दात, कान, पोट कुणी पाहिलेलंच नसतं. डाऊन सिंड्रोम, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा नुसती बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचं नेहमीचं डॉक्टरपण घराजवळच्या दवाखान्यात होऊ शकतं आणि व्हायला हवं. ते कसं करायचं, यासाठी हा धागा. पालक, शिक्षक, नर्स, औषधविक्रेते, सगळ्यांनी भर घाला. आपापले अनुभव नकोत, उपयोगी पडेल ते लिहा.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. शांत मुलगा अचानक स्वतःला मारायला लागला, जेवण सोडलं, रात्र रात्र जागतो, तर ते 'त्याच्या आजारामुळेच' असं धरून चालू नका. आजार आधीही होता, मग आत्ताच काय झालं? कॅनडातल्या डॉक्टरांनी या माणसांच्या प्राथमिक उपचारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, २०१८ मध्ये त्या नव्याने आल्या. त्यात क्रम स्पष्ट आहे. आधी शरीर पाहा, मग भोवतालचं वातावरण, मग आयुष्यात नुकतं काय घडलं ते (घर बदललं, आजी गेली, शाळा सुटली, कुणी त्रास दिला), आणि हे तिन्ही पाहून झाल्यावर मनाचा आजार. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

शरीर पाहायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. कानात मळ किंवा पू, किडलेली दाढ, घशाशी येणारं आंबट पाणी, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळीचं दुखणं, न दिसलेलं फ्रॅक्चर, बूट चावणं, आणि नुकतं बदललेलं औषध. चालता न येणाऱ्या, वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं हाड साध्या उचलण्यानंही मोडतं. म्हणून अंगावरचे सगळे कपडे काढून, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून तपासायचं. खुर्चीत बसल्या बसल्या, शर्टावरून स्टेथोस्कोप लावून हे सापडत नाही.

---

चाफा (विशेष शिक्षिका)

डॉक्टर, पालक ओपीडीत येऊन 'खूप त्रास देतो' एवढंच सांगतात आणि तिथेच गाडी अडते. त्यापेक्षा चौदा दिवसांचा तक्ता आणावा. साध्या वहीत आडव्या ओळीला तारीख आणि उभे रकाने असे : झोप किती वाजता लागली, किती वेळा उठला, काय खाल्लं, शी झाली का आणि कशी, पाळीचा दिवस, गोळ्या किती वाजता दिल्या, आणि शेवटी 'काय केलं, किती वेळ, त्याच्या आधी काय चाललं होतं'. चौदा दिवसांत आकृती दिसायला लागते. जेवणानंतर अर्ध्या तासात आडवं पडलं की ओरडतो, तर आम्लपित्ताकडे पाहा. तक्ता पुढे चालू ठेवला आणि दर महिन्याला तेच चार दिवस वाईट जाताना दिसले, तर पाळी. फक्त शाळेच्या बसमध्ये होतं, तर बस.

दुखणं बोलून न सांगणारी माणसं ते वेगळ्या तऱ्हेनं सांगतात. कानावर थापडा मारणं, मूठ तोंडात घालणं, एका कुशीवर न झोपणं, पोट टेबलाच्या कडेला दाबून उभं राहणं. काही जण तर दुखताना हसतात किंवा एकदम गप्प होतात. म्हणून बरं असताना तो कसा असतो, हेही लिहून ठेवायचं. बऱ्या दिवसाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये असला की पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरलाही फरक लगेच कळतो.

---

नागनदी

आमच्या पालक गटात कायम येणारा प्रश्न विचारते. दोन-तीन दिवस शी होत नाही, मग चड्डीत पातळ गळत राहतं. जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात. बरोबर आहे का?

---

अंबाझरी

ताई, अजिबात देऊ नका. आतड्यात खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपतो. हा जुलाब नाही, बद्धकोष्ठच आहे. जुलाब थांबवायची गोळी दिली की खडा आणखी घट्ट बसतो. पोटाच्या डाव्या बाजूला खाली हातानं दाबून पाहिलं तर पुष्कळदा गाठोडं लागतं.

कारणं बहुतेक वेळा चार. पाणी कमी, हालचाल कमी, संडासात पाय लोंबकळत बसणं, आणि औषधं. ट्रायहेक्सीफेनिडिल (थरथर, ताठरपणासाठी देतात ते), क्लोझापिन (मानसिक आजाराचं औषध), लोहाच्या गोळ्या, काही अॅलर्जीच्या गोळ्या, या सगळ्या आतडं सुस्त करतात. क्लोझापिनवर असलेल्या माणसाचं पोट फुगून कडक झालं, उलट्या होऊ लागल्या, तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचं, त्यात जीव जाऊ शकतो.

अडकलेला खडा आधी मोकळा करावा लागतो, मग रोजचं औषध. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात किंवा सरबतात विरघळते, चव फारशी लागत नाही, म्हणून ती चालवून घेतात. मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. पहिल्या बऱ्या दिवशीच बंद करू नका, ताणलेल्या आतड्याला पूर्वपदावर यायला महिने लागतात. इसबगोल मात्र सगळ्यांना देऊ नका. त्यासोबत पेलाभर पाणी जायलाच हवं. ज्याला गिळायला त्रास आहे किंवा जो दोन घोटांवर पाणी पीत नाही, त्याच्या घशात किंवा आतड्यात ते फुगून बसतं.

संडासात पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत. सकाळच्या नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवा. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. दहा मिनिटांवर बसवून ठेवू नका.

---

पळस (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

'तपासूच देत नाही' ही तक्रार सगळीकडे आहे, म्हणून रक्तदाबाचा पट्टा कसा सवयीचा करायचा ते सविस्तर लिहितो.

डॉक्टरांकडून जुना पट्टा मागून आणा, तो तीन आठवडे घरी राहू द्या. पहिले काही दिवस पट्टा नुसता टीव्हीजवळ पडलेला. मग आईच्या हाताला. मग त्याच्या हाताला, शर्टाच्या बाहीवरून, पाच मोजेपर्यंत, आणि लगेच काढायचा. 'चर्र' आवाजाची भीती असेल तर उघडझाप त्याच्याच हातानं करवून घ्या. त्यानंतर उघड्या दंडावर. हवा सगळ्यात शेवटी, तीही आधी दोनच दाब. एका पायरीवर तीन दिवस ओळीनं शांत राहिला की पुढची, रडला तर एक पायरी मागे. आपोआप फुगणारं यंत्र सुरुवातीला नको, ते जोरात आवळतं आणि मधे थांबवता येत नाही. हातानं दाबायच्या फुग्यावर ताबा आपला राहतो. आणि पट्ट्याचं माप पाहा : जाड दंडाला अरुंद पट्टा लावला तर दुखतंही आणि आकडाही चुकीचा, जास्त येतो.

रक्त काढताना बधिर करणारं मलम (लिडोकेन-प्रिलोकेनचं) फार उपयोगी. लोक लावतात आणि पाच मिनिटांत सुई टोचतात, मग म्हणतात काही फायदा नाही. जाड थर द्यायचा, वर पारदर्शक पट्टी, आणि पूर्ण एक तास थांबायचं. दोन्ही कोपरांत लावा, एका जागी शीर सापडली नाही तर दुसरी तयार असते. पुसल्यावर दहा मिनिटं द्या, कातडी पांढरी पडलेली असते, शीर नीट दिसत नाही. जी६पीडीची (तांबड्या पेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना हे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दवाखान्यात वेळ पहिल्या नंबरची किंवा अगदी शेवटची मागायची. धंतोली-रामदासपेठेत गाडी लावायलाच अर्धा तास जातो, तोवर पोरगं थकतं. एकानं गाडीत थांबायचं, दुसऱ्यानं नंबर जवळ आला की फोन करायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २५ खाली तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यावं असं लिहिलं आहे. सरकारी ओपीडीच्या खिडकीवर शांतपणे युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवून ते मागा.

---

दवाबाजार (फार्मासिस्ट, गांधीबाग)

गोळी गिळत नाही म्हणून कुटून वरणात घालतात. साधी गोळी एक वेळ चालेल, पण ज्या गोळीच्या नावामागे सीआर, ईआर, एसआर किंवा क्रोनो आहे ती कुटायची नाही. व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिन या फिटच्या औषधांची हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध तासा-दोन तासांत अंगात जातं. दुपारी पोरगं झोपाळलेलं, झोकांड्या खाणारं, आणि पहाटे फिट. डॉक्टरांना सांगून सिरप घ्या. सिरपमध्ये साखर असते, प्यायल्यावर चूळ भरायला लावा, येत नसेल तर ओल्या फडक्यानं दात पुसा. सिरप वाडग्यातल्या सगळ्या खिचडीत मिसळू नका, अर्धी खिचडी टाकली तर अर्धी मात्राही गेली. एका चमच्यात द्या.

फिटच्या गोळीची कंपनी दर महिन्याला बदलू नका. स्वस्त घ्या, हरकत नाही, पण एकदा जमली की तीच ठेवा, आणि पुडी संपायच्या आठ दिवस आधी दुकानात या. लागून सुट्ट्या आल्या की ऐन वेळी गोळी मिळत नाही, आणि व्हॅल्प्रोएट दोन दिवस चुकलं तरी फिट येऊ शकते.

आपल्याकडे नेहमीचा एक प्रश्न : संत्र्यानं गोळीचा असर बिघडतो का? नागपुरी संत्र्यानं नाही. तो गुण ग्रेपफ्रूटचा, काही प्रमाणात पपनसाचा. त्यानं कार्बामाझेपिनची पातळी वाढते. संत्री खुशाल खाऊ द्या.

---

मोगरा (नर्स)

दवाबाजार भाऊ, उन्हाळ्याचंही लिहायला हवं, मी लिहिते. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या फिटच्या औषधांनी घाम कमी येतो. ट्रायहेक्सीफेनिडिलनंही. रिस्पेरिडोनसारख्या चिडचिडीच्या गोळ्यांनी शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. लिथियम (मनःस्थितीच्या चढउतारांचं औषध) चालू असेल तर अंगातलं पाणी कमी होताच रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, उलट्या होतात, बोलणं अडखळतं. आणि ही माणसं तहान लागली असं सांगत नाहीत.

कातडी गरम आणि कोरडी, चेहरा लाल, माणूस सुस्त, तर ताप समजून पॅरासिटामॉल देत बसू नका. कपडे काढा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा, काखेत आणि जांघेत ओले कपडे ठेवा, १०८ ला फोन करा. रोजची व्यवस्था अशी की पाण्याची लिटरची बाटली खुणा करून ठेवायची : दहा वाजता इथवर, एक वाजता इथवर. लघवीचा रंग पाहायचा. कूलरसमोर बसवलं म्हणजे झालं असं नाही, कूलरचं पाणी संपलं की तो गरम वारा फेकतो.

गिळायला त्रास असलेल्यांना सगळ्यात अवघड पातळ पाणीच असतं, आणि उन्हाळ्यात तेच जास्त द्यावं लागतं. पाणी पिताना खोकला, नंतर आवाज ओला घोगरा, वारंवार छातीत कफ, ही अन्न-पाणी श्वासनलिकेत जात असल्याची खूण. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घोट, चमच्यानं. नाचणीची आंबील, दाट ताक सोपं जातं. कोरडे पोहे आणि फुटाणे सगळ्यात धोक्याचे, तर्री (चण्याचा पातळ तिखट रस्सा) ओतून दिली तरी त्यातला पातळ रस आधी घशात जातो आणि चणा मागे राहतो. मऊ, एकजीव, चमच्यावर आकार धरणारं हवं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. नेमकी घट्टता किती हवी ते स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या, अंदाजानं ठरवू नका.

---

सातपुडा (दंतवैद्य)

दातांचं. ब्रशची दांडी जाड करा, सायकलच्या हँडलचं रबर किंवा छोटा चेंडू भोसकून बसवा. समोर उभं राहून नाही, मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवून घासायचं, म्हणजे आपण घरी आरशात घासतो तसा हात चालतो. फेनिटॉइनवर (फिटचं औषध) असलेल्यांच्या हिरड्या वाढून दात झाकतात. आधी स्वच्छता, आणि न्यूरॉलॉजिस्टना औषध बदलता येईल का विचारा. नुसत्या हिरड्या कापून आणल्या तर पुन्हा वाढतात.

दुसरं, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण). 'शांत बसतो' म्हणून मोठ्या मुलांच्या हातात पुडी देणारे आहेत, हे थांबवा. तोंड उघडून त्याचीच तीन बोटं उभी दातांमध्ये मावतात का पाहा. दोनच मावली, गालाच्या आत पांढरट कडक दोऱ्या लागल्या, तर लगेच दाखवा. मेडिकलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे.

भूल देऊन दाताचं काम ठरलं तर त्याच भुलीत बाकीचंही उरकून घ्या : रक्त, कानातला मळ, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लस, नखंसुद्धा. आधी फॅमिली डॉक्टरांकडून यादी करून भूलतज्ज्ञांना द्या. ऐन वेळी टेबलावर सांगितलं तर कुणी करत नाही.

---

नागनदी

डाऊनसाठी मानेचा एक्स-रे (मणके सैल आहेत का ते पाहायला) दर दोन वर्षांनी काढायलाच हवा असं ऐकलंय.

---

अंबाझरी

नाही, लक्षणं नसताना काढायची गरज नाही. साधा एक्स-रे पुढचा धोका नीट सांगतही नाही. लक्षणं पाहा : चाल बदलली, जिना चढताना अडखळतो, मान वाकडी धरतो, कपड्यात लघवी व्हायला लागली, हातातल्या वस्तू पडतात. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि कुठलीही भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना 'डाऊन आहे, मान मागे ताणू नका' हे सांगा.

डाऊनमध्ये न चुकवायचं ते टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), वर्षातून एकदा, फार तर दोन वर्षांत. सुस्ती, वजन, बद्धकोष्ठ, हे सगळं 'डाऊनच तो' म्हणून खपून जातं आणि थायरॉइड राहून जातो. ऐकू येणं आणि मोतीबिंदू वेळोवेळी पाहायचं. रात्री घोरणं, मधेच श्वास थांबणं, दिवसा पेंगणं असेल तर झोपेची तपासणी. चाळिशीपासून विसरभोळेपणा दर वर्षी विचारायचा, पण विस्मरण म्हणण्याआधी पुन्हा थायरॉइड, कान, डोळे, नैराश्य पाहून घ्या. चाळीस वर्षांच्या माणसाला ऐकू येईनासं झालं की घरचे म्हणतात, डोकं चालत नाही.

कानातल्या मळासाठी तीन ते पाच दिवस मऊ करणारे थेंब, मग कोमट पाण्यानं. पाणी अंगाच्या तापमानाइतकंच हवं, थंड असेल तर चक्कर येते आणि तो पुन्हा कधी कानाला हात लावू देत नाही. पडद्याला भोक असेल तर पाणी मारायचं नाही.

रिस्पेरिडोन, ओलान्झापिन सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातली साखर आणि चरबी लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा, मग वर्षाला. पाळी बंद झाली किंवा छातीतून दूध आलं तर सांगा. आणि दर भेटीत विचारा, ही गोळी कशासाठी चालू आहे? कागदावर उत्तर सापडलं नाही तर कमी करता येते का हे मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. एकदम बंद मात्र करू नका.

---

चाफा

मुलींच्या पाळीबद्दल. चड्डीच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्यानं पॅडची बाह्यरेषा शिवून घ्या, मुलीनं पॅड त्या रेषेवर बसवायचं. पाळी यायच्या आधीच, महिन्यातून चार दिवस कोरडं पॅड लावून सराव. बदलायची वेळ घड्याळाला नाही, जेवणाला बांधा : नाश्ता, जेवण, चहा, झोप. अनेकींना वर्ष-दोन वर्षांत जमतं.

'गर्भाशय काढून टाका' असा सल्ला अजूनही मिळतो. २०१६ च्या कायद्याचं कलम १० सांगतं, अपत्य होण्याची क्षमता जाईल अशी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. आणि गर्भाशय काढल्यानं अत्याचारापासून संरक्षण होत नाही, फक्त तो कळायचा एक मार्ग बंद होतो.

---

अंबाझरी

बरोबर. रक्तस्राव फार असेल तर हार्मोन सोडणारी तांबी, गोळ्या, असे मार्ग आहेत. फक्त कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीचा असर घटतो, आणि त्या गोळीनं लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची पातळी उतरते. स्त्रीरोगतज्ज्ञांना फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय काही सुरू करू नका.

---

मोगरा

फिट आली की घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा. चमचा, कांदा, चप्पल, काही नाही. तोंडात बोट नाही. पाच मिनिटांवर गेली तर नाकात मिडाझोलामचा फवारा, किती फवारे ते न्यूरॉलॉजिस्टनी वजनावरून लिहून दिलेलं हवं. नवी बाटली असेल तर आधी हवेत दाबून फवारा सुरू झाल्याची खात्री करा, नाहीतर पहिले दोन दाब नुसती हवा जाते. मुदत संपल्याची तारीख बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

---

विदर्भवासी

सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचं काय? आपल्या भागात पुष्कळ आहेत.

---

अंबाझरी

चांगला मुद्दा. न बोलणाऱ्या माणसाला सिकलसेल असेल आणि तो अचानक हात-पाय हलवू देत नाही, तर तो हट्ट नाही, दुखण्याचा झटका असू शकतो. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी थांबायचं नाही. लहान वयात एक बाजू लुळी पडून पुढे शिकणं मागे पडलं असेल तर सिकलसेलची तपासणी झाली होती का ते पाहा, कारण मेंदूचा झटका या आजारातही येतो.

---

नागनदी

कागदपत्रांचं मी सांगते. राष्ट्रीय न्यासाची (केंद्र सरकारची संस्था) 'निरामय' विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि त्यात ओपीडी व थेरपीचाही काही खर्च मिळतो, जो महात्मा फुले योजनेत मिळत नाही. मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. चिठ्ठीवर तारीख नसेल तर दावा परत येतो.

अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा सतराव्या वर्षीच कागद जमवा. पण पालकत्व असलं तरी मुलाला त्याच्या समजेनुसार सांगायचं, चित्र दाखवून, आणि त्याचं 'नाही'ही ऐकायचं.

---

पळस

डॉक्टर, नव्या डॉक्टरला दाखवायला सोबत ठेवायचा तो माहितीचा एक पानाचा कागद राहिला.

---

अंबाझरी

हो. एकच पान, मोठी अक्षरं, मराठीत, औषधांची नावं इंग्रजीतही. वर फोटो आणि हाक मारायचं नाव. मग : कसं बोलतो (शब्द, खुणा, चित्रं), दुखलं की काय करतो, कशानं घाबरतो, कशानं शांत होतो. निदान, अॅलर्जी, आजच्या गोळ्या आणि वेळा. वजन तारखेसह, कारण मात्रा त्यावरून ठरते. गिळण्याची पद्धत. फिट आली तर काय करायचं. नेहमीचा रक्तदाब आणि शेवटच्या तपासण्या. खाली दोन फोन नंबर.

तीन प्रती : एक औषधांच्या डब्यात, एक शाळेच्या किंवा कार्यशाळेच्या बॅगेत, एक गाडीच्या कप्प्यात. उन्हानं गाडीतली शाई उडते, ती लॅमिनेट करून घ्या. गोळी बदलली की तिन्ही बदला आणि जुन्या फाडून टाका. दोन वेगळे कागद सापडले तर रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला कुठला खरा ते कळत नाही.